हलाल घासाचे ऋण



वैनगंगेच्या काठावरील आमच्या गावातील एक वयोवृद्ध गृहस्थ काही काळापूर्वी अल्लाहच्या भेटीस निघून गेले. इन्ना लिल्लाह. त्यांचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. त्यांना नावाची हौस कधी नव्हती, आणि त्यांच्या निमित्ताने जे सांगायचे आहे ते एका घरापुरते नाही. गावातील लहानथोर त्यांना ‘चाचा’ म्हणत. आपणही तेच म्हणू. त्यांच्या जन्माची नोंद कोठे नव्हती. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण वडिलांबरोबर डोंग्यात बसत होतो, एवढे ते सांगत. यावरून वयाची ऐंशी वर्षे त्यांनी नक्कीच ओलांडली होती. आयुष्यभर त्यांनी मासेमारी केली, तीन मुलगे व दोन मुली वाढविल्या आणि तिसऱ्या पिढीला मांडीवर घेऊन ते शांतपणे गेले.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. येणारा प्रत्येक जण चाचांचे गुण सांगत होता. त्याच अंगणात मुलांमध्ये दुसरीही एक चर्चा चालली होती. चाळिसाव्याला चारशे माणसांचे जेवण घालावे, स्वयंपाकी ब्रह्मपुरीहून आणावा आणि पैसे कमी पडले तर उसने घ्यावेत, असा बेत होता. शिवाय दोन्ही बहिणी माहेरी आल्याच आहेत, तर त्या परत जाण्यापूर्वी हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेऊन टाकाव्यात, असेही ठरत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून चाचींचा आवाज आला. ‘इद्दत’मध्ये असलेली ती माऊली दाराआडून म्हणाली, “जेवणाचे नंतर बघा. आधी त्यांचे देणे द्या. मला रात्री झोप येत नाही.”

अंगण गप्प झाले. थोरल्या मुलाने माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी जे सुचले ते मी तेथे बोललो. तेच आज थोड्या विस्ताराने आपल्यासमोर मांडत आहे, कारण हे अंगण आपल्यापैकी कोणाचेही असू शकते.

हाताच्या कष्टाची भाकरी

प्रथम त्या आयुष्याकडे पाहू. चाचांच्या बालपणी वैनगंगेचे दोन्ही काठ एकाच चांदा जिल्ह्यात होते. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि नदी दोन जिल्ह्यांची सीमा बनली. नकाशावर रेघ पडली, पण मासे आणि माणसे पूर्वीप्रमाणेच या काठाहून त्या काठाला जात राहिली. आमच्या भागात मासेमारी हा मुख्यतः ढिवर समाजाचा पिढीजात व्यवसाय आहे. मुसलमान घरातील माणूस या कामात विरळाच. चाचांचे वडील गरिबीमुळे या कामाकडे वळले आणि एका ढिवर कुटुंबाने त्यांना हाताला धरून ते शिकविले. त्याच कुटुंबातील मुलगा पुढे चाचांचा आयुष्यभराचा भागीदार झाला. एकाच डोंग्यात दोघे बसत. एक वल्हे मारी, दुसरा जाळे टाकी, आणि आलेला माल निम्मानिम्मा होई.

चाचा फजरची नमाज अदा करून नदीवर जात. कधी टोपली भरे, कधी दिवसभराच्या श्रमानंतर घरच्या कालवणापुरतेही हाती लागत नसे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भरवशाचे उदाहरण देताना पक्ष्यांकडे बोट दाखविले आहे. ते सकाळी रिकाम्या पोटी घरट्याबाहेर पडतात आणि सायंकाळी भरल्या पोटी परततात. तिर्मिजीच्या संग्रहात ही हदीस आहे. या उदाहरणातील पक्षी घरट्यात बसून राहिलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. तो बाहेर पडतो, शोधतो, उडतो. रोजी देणारा मात्र अल्लाह आहे. मच्छीमाराइतके हे सत्य दुसऱ्या कोणाला दररोज अनुभवावे लागत असेल? शेतकऱ्याला आपले पीक डोळ्यांनी दिसते, पगारदाराला महिन्याची तारीख ठाऊक असते. मच्छीमार मात्र अशा पाण्यात जाळे टाकतो, ज्याच्या आत काय आहे हे त्याला दिसत नाही. जाळे टाकणे त्याचे काम; त्यात काय येईल, हे ठरविणारा दुसराच आहे.

बुखारीत नोंदलेल्या हदीसीनुसार माणसाने स्वतःच्या हाताच्या कष्टातून मिळविलेल्या अन्नापेक्षा उत्तम अन्न नाही, आणि अल्लाहचे पैगंबर दाऊद (अ.) हे स्वतःच्या श्रमाचे खात असत. ते राजेही होते, हे लक्षात घेतले म्हणजे या शिकवणीचे मोल कळते. आपल्या समाजात आज मुलाच्या हाताला माशांचा वास येतो म्हणून सोयरीक नाकारणारे लोक आहेत. त्या हातांतून आलेला घास स्वच्छ आहे की नाही, हे विचारणारे कमी आहेत.

तराजू आणि टोपली

वडसा म्हणजे देसाईगंजच्या बाजारात चाचा मासे विकायला बसत, तेव्हा दोन गोष्टी त्यांनी कधी केल्या नाहीत. टोपलीत खाली शिळा माल आणि वर ताजा, अशी रचना त्यांनी केली नाही. आणि आपोआप मरून पाण्यावर तरंगलेला मासा विकला नाही. पाण्यातील शिकार आणि तिचे अन्न अल्लाहने आपल्यासाठी हलाल केले आहे, हे सूरह अल-माइदाच्या ९६ व्या आयतीत स्पष्ट आहे. माशाला जनावराप्रमाणे जिबह करावे लागत नाही. पण जो मासा बाह्य कारणाशिवाय मरून पाण्यावर उलटा तरंगतो, तो हनफी फिकहनुसार खाण्यास योग्य नाही. उन्हाळ्यात पाणी आटते आणि तापते, तेव्हा असे मासे काठाला येऊन पडतात. ते उचलून टोपलीत टाकले तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही. चाचांचे म्हणणे एवढेच असे, की गिऱ्हाइकाला नाही कळत, पण ज्याला कळायचे त्याला कळते.

एकदा प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नव्हे, असा इशारा दिला. सहीह मुस्लिममधील ही घटना प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या दुकानात बसताना आठवावी. सूरह अल-मुतफ्फिफीनचा आरंभच माप मारणाऱ्यांच्या विनाशाच्या घोषणेने होतो. नमाजेची पाच वेळा नोंद ठेवणारा माणूस तराजूपुढे ती वही मिटून ठेवत असेल, तर त्याने आपल्या नमाजेचीही काळजी करावी.

चढणीचा मासा

पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर अंड्यांनी भरलेले मासे नदीतून नाल्यांकडे आणि धानाच्या बांध्यांकडे चढू लागतात. त्या काळात ते उथळ पाण्यात असतात आणि काठीनेही मारता येतात. लहान मूलसुद्धा टोपलीभर पकडू शकते. या दिवसांत चाचा आणि त्यांचे भागीदार जाळी विणीत घरी बसत. घरात चणचण असे, तरीही बसत. पुढे काही तरुणांनी नाल्यांच्या डोहांत विषारी औषध टाकून आणि विजेचा प्रवाह सोडून मासे मारायला सुरुवात केली, तेव्हा चाचा त्यांच्या घरी जाऊन समजावीत. काही ऐकत, काही हसत.

कुरआनमध्ये सूरह अल-आराफच्या १६३ ते १६६ या आयतींत समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत आहे. त्यांना शनिवारी शिकार करण्यास मनाई होती. आणि परीक्षा अशी, की नेमके शनिवारीच मासे पाण्यावर उघड दिसत आणि इतर दिवशी येत नसत. काहींनी हद्द मोडली. काहींनी त्यांना रोखले. काही जण, ज्यांचा विनाश ठरलेलाच आहे त्यांना उपदेश कशाला, असे म्हणून बाजूला राहिले. रोखणाऱ्यांचे उत्तर असे होते, की आपल्या पालनकर्त्यापुढे आमची जबाबदारी पार पडावी आणि कदाचित हे लोक सावरावेत. दुष्कृत्यापासून रोखणारेच वाचविले गेले, असे कुरआन सांगतो.

अल्लाहने माणसाची परीक्षा कशावर घेतली, हे पाहा. ते मासे मुळात हलाल होते. मनाई फक्त एका दिवसाची होती. पोटाची गरज आणि अल्लाहची मर्यादा समोरासमोर येतात तेव्हा माणूस काय करतो, हीच परीक्षा. चाचांच्या घरात पैसा कमी होता, पण मुलांनी आपल्या वडिलांना मर्यादेपुढे थांबताना पाहिले होते. हे मी का सांगतो आहे, ते पुढे कळेल.

घरातील माणूस

बाहेर सज्जन आणि घरात कठोर, अशी माणसे आपण पाहतो. प्रेषित (स.) यांनी उत्तमपणाची कसोटी घरातच ठेवली: जो आपल्या घरच्यांशी उत्तम, तो तुमच्यात उत्तम. हजरत आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले, की प्रेषित घरी काय करीत असत? त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजेची वेळ झाली की बाहेर पडत. चाचा रात्री चाचींच्या बाजूला बसून फाटके जाळे सांधीत. हातातील माशांपैकी मोठी मरळ बाजारात जाई, पण मुली माहेरी आल्या असतील तर ती घरीच शिजे. ‘बाजार उद्याही भरेल,’ असे ते म्हणत. दोन्ही मुलींना त्यांनी मुलांच्या बरोबरीने शाळेत घातले. एकीला वसतिगृहात ठेवण्यासाठी त्यांनी एक हंगामभर रात्रीचीही मासेमारी केली.

सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्ततेसाठी, गरिबासाठी आणि आपल्या कुटुंबासाठी खर्च केलेल्या दीनारांत सर्वाधिक पुण्य कुटुंबासाठी खर्च केलेल्या दीनारचे आहे. याच ग्रंथात असेही आहे, की ज्याने दोन मुलींना वाढवून वयात आणले, तो कियामतच्या दिवशी प्रेषितांच्या इतक्या निकट असेल जितकी हाताची दोन बोटे. गावातील मशिदीला देणगी देणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाते. मुलीच्या वसतिगृहाच्या फीसाठी रात्रभर पाण्यात बसणाऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही. ते लिहिणारे लेखनिक वेगळे आहेत.

नाव आणि भिंत

चाचांच्या हयातीत नदी बदलली. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणात पाणी अडू लागले आणि खालच्या अंगाला नदीचे चढ-उतार पूर्वीसारखे राहिले नाहीत. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला. ब्रह्मपुरी तालुक्यातील आणि पलीकडे गडचिरोलीच्या बाजूची कितीतरी गावे पाण्याखाली गेली, धान सडले, घरे पडली. त्या पुरात चाचांची जाळी वाहून गेली आणि डोंगा फुटला. पाणी ओसरल्यावर भेटायला गेलो तेव्हा ते ओल्या भिंतीशी बसले होते. घरातील सर्व माणसे मोजून पाहिली, सगळी आहेत, असे म्हणून त्यांनी अलहम्दुलिल्लाह म्हटले. मग त्यांनी आपल्या आवडत्या गोष्टीची आठवण काढली. जुम्याच्या बयानात सूरह अल-कहफमधील त्या नावेची गोष्ट ते नेहमी मन लावून ऐकत.

ती हकीकत आपल्या परिचयाची आहे. हजरत मूसा (अ.) यांच्याबरोबर प्रवास करणारे अल्लाहचे ज्ञानी दास, ज्यांना हदीसींत खिज्र (अ.) म्हटले आहे, त्यांनी नावेत छिद्र पाडले. मूसा (अ.) यांना ते अन्यायाचे वाटले. पुढे उलगडा झाला, की ती नाव समुद्रात मेहनत करणाऱ्या गरीब लोकांची होती आणि पुढे एक राजा चांगल्या नावा बळजबरीने हिसकावून घेत होता. सदोष झाली म्हणून ती गरिबांकडेच राहिली. गरीब नावाड्यांची भाकरी वाचावी, यासाठी अल्लाहने केलेली योजना कुरआनमध्ये कायमची नोंदली गेली आहे. कष्टकऱ्याच्या रोजीची अल्लाहजवळ किती किंमत आहे, हे यावरून समजावे.

याच हकीकतीत शेवटी एक भिंत येते. ज्या गावाने या दोघांना जेवणही दिले नाही, त्या गावातील पडू पाहणारी भिंत खिज्र (अ.) यांनी मोबदल्याशिवाय उभी केली. कारण तिच्याखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता आणि त्यांचा पिता सदाचारी होता. १८ व्या सूरहची ८२ वी आयत जरूर उघडून वाचावी. पिता केव्हाच निघून गेला आहे, मुले लहान आहेत, गाव कंजूष आहे. तरीही एका नेक बापाच्या लेकरांचा हक्क सुरक्षित राहावा म्हणून अल्लाहने आपला खास दास आणि एक पैगंबर तेथे पाठविले.

त्या दिवशी अंगणात मी चाचांच्या मुलांना एवढेच विचारले: तुमचे अब्बा नेक होते, असे तीन दिवस सारे गाव सांगत आहे. नेक बापाच्या लेकरांसाठी अल्लाह भिंत उभी करतो. ही दोन मुलीही त्याच बापाची लेकरे आहेत. तुम्ही भिंत उभारणाऱ्यांत आहात की पाडणाऱ्यांत?

आधी देणे, मग वाटा

मरण पावलेल्या माणसाच्या मालमत्तेबाबत शरीअतने ठरविलेला क्रम सरळ आहे. प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्जाची फेड, मग वसीयत असल्यास एकतृतीयांशाच्या मर्यादेत तिची पूर्तता, आणि उरेल ते वारसांचे. सूरह अन-निसाच्या वारसाविषयक आयतींत वसीयत आणि कर्ज यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला आहे, तो उगीच नाही. चाळिसाव्याचे जेवण या क्रमात कोठेही नाही. उलट प्रेषितांचे चुलतबंधू हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांनी लोकांना जाफरच्या घरच्यांसाठी अन्न तयार करण्यास सांगितले. म्हणजे दुःखी घराने गावाला जेवू घालायचे नसते. गावाने दुःखी घराला जेवू घालायचे असते.

कर्जाचे गांभीर्य पाहा. एक जनाजा आणण्यात आला. मयतावर तीन दीनार कर्ज होते आणि मागे काही ठेवलेले नव्हते. प्रेषित (स.) यांनी सहाबांना सांगितले की आपल्या साथीदाराची नमाज तुम्हीच अदा करा. तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतले, आणि मग प्रेषितांनी नमाज पढविली. तीन दीनारांसाठी अल्लाहचे प्रेषित थांबले. आपण मात्र कर्ज तसेच ठेवून शेकडोंच्या पंगती उठवितो आणि त्याला मयताची सेवा म्हणतो.

चाचांनी आजारपणात चाचींना तीन देणी सांगून ठेवली होती. वडसा येथील दुकानदाराचे जाळ्याच्या दोऱ्याचे पैसे. शेवटच्या हंगामात विकलेल्या मालातील भागीदाराचा निम्मा वाटा, जो आजारामुळे पोहोचवायचा राहिला. आणि तिसरे, खुद्द चाचींचा महर. साठ वर्षांपूर्वी ठरलेला तो महर गरिबीत द्यायचा राहिला होता. वाचकहो, महर हे कर्ज आहे. पत्नीने संकोचाने मागितला नाही म्हणून तो माफ होत नाही, आणि मयताच्या मालमत्तेतून तो वाटणीपूर्वी द्यावा लागतो. आपल्यापैकी किती घरांत हा हिशेब आजवर झाला आहे?

त्यानंतर वाटा. पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो वा अधिक. हे सूरह अन-निसाच्या सातव्या आयतीत आहे. ‘थोडी असो’ हा भाग गरिबांनी विशेष ध्यानात घ्यावा. वारसा हा केवळ श्रीमंतांचा विषय नाही. एक घर, घरामागची मोकळी जागा, टपाल खात्यातील थोडी बचत, नवा डोंगा आणि जाळी, एवढीच चाचांची मालमत्ता. त्यांच्यामागे पत्नी, तीन मुलगे, दोन मुली. अपत्ये असल्याने पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात प्रत्येक मुलाला दोन मुलींइतके. देणी फेडून उरलेल्या मालमत्तेचे ६४ भाग केले तर चाचींना ८, प्रत्येक मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७. आठ, बेचाळीस आणि चौदा मिळून चौसष्ट. हा हिशेब कोणा मौलवीने किंवा पंचाने घातलेला नाही. तो अल्लाहने घालून दिला आहे, आणि या आयतींच्या शेवटी त्याने या आपल्या हद्दी असल्याचे जाहीर केले आहे.

मधला मुलगा म्हणाला, “बहिणींच्या लग्नात अब्बांनी आणि आम्ही इतके खर्च केले, ते काय कमी झाले?” हा प्रश्न प्रामाणिक होता आणि तो घरोघर विचारला जातो. उत्तर असे, की बापाने हयातीत जे दिले ती त्याची भेट होती. वारसा हक्क त्याच्या मृत्यूनंतर निर्माण होतो आणि तो देणारा बाप नव्हे, अल्लाह आहे. भेटीने हक्क फिटत नाही. आणि बहिणी स्वखुशीने सोडत असतील तर? त्यासाठी आधी त्यांचा वाटा त्यांच्या हाती पडू द्या. माहेर तुटण्याची भीती नसताना, भावाच्या चेहऱ्याकडे न पाहता, त्या पुढे काही देतील तर ती त्यांची देणगी. पण मातीचा ओलावा सुकण्यापूर्वी, रडून सुजलेल्या डोळ्यांसमोर कागद धरून घेतलेल्या सहीला खुशी म्हणता येत नाही. माझ्या बोलण्यातील एवढे एक वाक्य चाचींनी आतून पुन्हा म्हणायला लावले.

मग मी चढणीच्या माशांची आठवण दिली. घरात चणचण असताना तुमच्या वडिलांनी हातात येणारा मासा सोडला, कारण तो त्यांना मर्यादेपलीकडचा वाटला. बहिणींचा वाटा हा तुमच्या दारात चढून आलेला मासा आहे. पकडणे अगदी सोपे आहे. म्हणूनच ती परीक्षा आहे.

वडिलांचे मित्र

सायंकाळी चाचांचे ढिवर भागीदार आले आणि दाराबाहेरच उभे राहिले. थोरल्या मुलाने उठून त्यांना हाताला धरून आत आणले आणि देण्याचा विषय काढला. ते म्हणाले, “बाबू, मले पैसे नाही पायजे. माहा जोडीदार गेला.” मुलगा म्हणाला, “काका, तुम्हाला नको असतील, पण अब्बांना ते द्यायचे आहेत.” यावर त्या वृद्धाने काही न बोलता पैसे कपाळाला लावले आणि घेतले.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना मक्केच्या वाटेवर एक खेडूत भेटला. त्यांनी त्याला सलाम केला, आपल्या स्वारीचे गाढव दिले आणि डोक्यावरचा अमामाही दिला. लोक म्हणाले, हे तर साधे खेडूत, थोडक्यातही खूश झाले असते. त्यांनी सांगितले की याचा पिता माझ्या वडिलांचा मित्र होता, आणि वडिलांच्या स्नेह्यांशी नाते राखणे ही सर्वोत्तम सेवा असल्याचे मी प्रेषितांकडून ऐकले आहे. या नात्यात धर्माची अडचण येत नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठविला का, असे ते पुन्हा पुन्हा विचारीत राहिले. जे आपल्याशी धर्मावरून लढत नाहीत त्यांच्याशी सद्वर्तन आणि न्याय करण्यापासून अल्लाह रोखत नाही, हे सूरह अल-मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत आहेच. ज्या हातांनी आपल्या आजोबांना जाळे टाकायला शिकविले, त्या घराशी नाते तुटू देणे ही कृतघ्नता ठरेल.

आपले काम

चाळिसाव्याचा बेत त्या घराने सोडला. ती रक्कम दुकानदाराच्या देण्याकडे आणि महराकडे वळली. हक्कसोडपत्राचा कागद कोरा राहिला आणि वाटणीची नोंद पाचही भावंडांच्या नावे करण्याचे ठरले. हे सहज झाले, असे मी म्हणणार नाही. धाकट्याच्या चेहऱ्यावर नाराजी होती, कारण त्याला त्या मोकळ्या जागेवर दुकान काढायचे होते. पण रात्री निघताना तोच मला नाक्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “अब्बांनी आम्हाला कधी हराम खाऊ घातले नाही. आता आम्ही आमच्या मुलांना काय खाऊ घालतो, तेच बघायचे.”

प्रिय वाचकहो, तिर्मिजीच्या हदीसीनुसार ज्याचे आयुष्य दीर्घ आणि कर्म चांगले, तो लोकांत उत्तम. चाचांना दोन्ही लाभले, अशी आपण आशा करतो. अंतिम निर्णय अल्लाहचा. माणूस मरण पावला की त्याच्या कर्मांची वही मिटते. तीन गोष्टी मात्र सुरू राहतात: वाहता दानधर्म, उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुवा करणारी नेक संतती. यातील तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे. आपल्या वडिलांच्या नावाने किती माणसे जेवली, हे आखिरतमध्ये विचारले जाईल की नाही याची चिंता करण्याऐवजी, त्यांचे कोणाचे देणे राहिले, आईचा महर दिला का, बहिणीचा वाटा तिच्या हाती पडला का, त्यांच्या जुन्या मित्राच्या दारी आपण शेवटचे केव्हा गेलो, हे आज रात्री घरात बसून एकमेकांना विचारावे. ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसून त्यांच्या देण्याघेण्याची नोंद लिहून घ्यावी. यात अशुभ काही नाही. ही सुन्नत आहे. आणि ज्यांनी वर्षांपूर्वी बहिणीची सही घेतली आहे, त्यांनी निराश होऊ नये. बहीण जिवंत असेपर्यंत तिच्या घरची वाट मोकळी आहे.

हे अल्लाह, आमच्या सर्व मरहूम आईवडिलांना मगफिरत दे. त्यांनी कष्टाने आणलेल्या प्रत्येक हलाल घासाचा त्यांना मोबदला दे, त्यांच्या कबरी प्रकाशमान कर. त्यांची राहिलेली देणी फेडण्याची ताकद आणि बहिणींचा हक्क आनंदाने देण्याचे मन आम्हाला दे. आमची रोजी हलाल ठेव आणि आमच्या लेकरांना आमच्यासाठी दुवा करणारी नेक संतती बनव. आमीन.